गंजलेली डॉज आणि दाजींची हातोडी

२०२१ च्या ऑक्टोबरमधला एक रविवार. आम्ही वस्तीतल्या वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या जुळवीत बसलो होतो. तेवढ्यात ताईचा फोन आला. जयभीम झाला आणि ती एका दमात म्हणाली, "भाऊ, पोरगा दहा लाखाचं भंगार विकत घेतोय. तू हिशेबाचा माणूस. तूच त्याला समजाव."

पोरगा म्हणजे आमचा भाचा. अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराजवळ एका कंपनीत इंजिनीयर आहे. आमच्या दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, कुर्ल्याच्या गॅरेजांत पस्तीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा, लांबी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. ती मजुरी आणि ताईचे शिवणकाम यांवर मुलाचे इंजिनीयरिंग झाले. आता तोच मुलगा सातासमुद्रापार जाऊन गंजका पत्रा घरी आणणार, हे ताईच्या जिवाला लागले होते. "थिनरच्या वासातून ह्याला बाहेर काढायला मी रात्र-रात्र मशीन चालवलं. आणि हा परत त्याच वासात चालला," हे तिचे शब्द.

आम्ही भाच्याला फोन लावला. त्याने फोटो पाठवले. एका शेतावरच्या पडक्या कोठारात उभी असलेली लांबलचक, दोन दरवाजांची गाडी. चारही टायर बसलेले. बॉनेटवर कोंबड्यांची घाण. तळाच्या भोकातून गवत वर आलेले. "मामा, ही १९७० ची डॉज चॅलेंजर आहे," तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज असा झाला होता की आम्हाला त्याचा दहावीचा निकाल आठवला.

पैलवान गाड्या

या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत ट्रकला शोभेल एवढे दांडगे इंजिन बसवायचे आणि तरुण नोकरदाराला परवडेल अशा किमतीला विकायची, ही १९६० नंतरच्या दशकातली तिकडच्या कंपन्यांची युक्ती. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाने १९६४ साली जी.टी.ओ. काढली, तिथून या प्रकाराची सुरुवात झाली असे बहुतेक जण मानतात. मध्यम गाडीत एवढे मोठे इंजिन घालायला खुद्द कंपनीच्याच नियमाची आडकाठी होती. म्हणून पाँटिॲकवाल्यांनी ते वेगळे मॉडेल म्हणून न दाखवता जुन्याच गाडीवर घ्यायची जादा सोय म्हणून यादीत घुसवले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. नियमातली पळवाट फक्त कारकुनालाच सापडते असा आमचा समज होता, तो खोटा ठरला.

मग स्पर्धा लागली. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली होतीच. क्रायस्लर कंपनीची डॉज चॅलेंजर उशिरा, १९७० चे मॉडेल म्हणून आली. तिच्यात सर्वात ताकदवान मिळत असे ते हेमी नावाचे सात लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे इंजिन. भाच्याच्या गाडीत त्यामानाने साधे, ५.२ लिटरचे इंजिन होते. साधे म्हणजे किती, तर आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे, प्रीमियर पद्मिनीचे, इंजिन १,०८९ सीसीचे होते. त्याच्या जवळजवळ पाचपट.

ही मजा फार वर्षे टिकली नाही. अशा गाड्यांचे तरुण मालक अपघात करतात म्हणून विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा झाला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. एका गॅलनला दहा-बारा मैल जाणारी गाडी कोण घेणार? १९७४ मध्ये चॅलेंजर बंद पडली. २००८ साली त्याच नावाची नवी गाडी निघाली, तीही २०२३ च्या अखेरीस थांबली. भाच्याचा जीव जडला होता तो जुन्या पत्र्यावर.

मीठ

दाजी फोटो पाहून पहिले वाक्य बोलले ते हे, "ही गाडी पावसानं नाही सडली. खालून सडली आहे."

बरोबर ओळखले. डेट्रॉईटकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचते. ते वितळावे म्हणून सरकार रस्त्यांवर मीठ टाकते. मिठाचे पाणी चाकांबरोबर उडते आणि गाडीच्या पोटात, जोडांच्या फटीत जाऊन बसते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतोच, पण पाण्यात मीठ असले की तीच क्रिया कितीतरी वेगाने होते. समुद्रकाठच्या चाळीतल्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. गंमत पुढेच आहे. डेट्रॉईट शहराच्या पोटातच, सुमारे अकराशे फूट खोल, मिठाची मोठी खाण आहे आणि तिथले मीठ रस्त्यांवर टाकायला जाते. वर गाड्या बनवणारे शहर आणि त्याच्याच तळघरात त्या गाड्यांना खाणारे मीठ!

दुसरी अडचण गाडीच्या बांधणीची. आपल्याकडच्या जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली स्वतंत्र चॅसी असते. वरची बॉडी सडली तरी चॅसी मजबूत असली की काम भागते. या डॉजला वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा, त्याला जोडलेले पोकळ दांडे, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हे सगळे मिळूनच तिचा सांगाडा. तळ सडला म्हणजे चटई सडली असे नव्हे, घराचा पायाच सडला.

भाचा शनिवारी दुपारी पुन्हा कोठारात गेला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. दाजी कल्याणच्या घरात मोबाईलसमोर बसले, आम्ही शेजारी वही घेऊन. दाजींनी आधीच सांगून ठेवले होते, लोहचुंबक घे, फडक्यात गुंडाळ आणि सगळ्या अंगावरून फिरव. जिथे चुंबक चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मागच्या चाकांच्या वरच्या भागावर चुंबक निसटून खाली पडला. कोणीतरी भोकांवर जाळी लावून वर लांबीचा थर चढवला होता. "अर्धा इंच असेल," दाजी म्हणाले. पुढे कापून पाहिले तेव्हा त्याहून जास्त निघाला.

मग स्क्रू-ड्रायव्हरने तळाचे दांडे टोचायला लावले. पुढच्या काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओतायला लावले. ते पाणी दाराजवळच्या भोकातून रस्त्यावर पडायला हवे होते, पण ड्रायव्हरच्या पायाशी ठिबकले. म्हणजे तिथला पत्रा आतून गेलेला. या गाडीच्या पुढच्या चाकांना आपल्यासारखे पाटे किंवा गुंडाळीची स्प्रिंग नसते. लांब पोलादी कांबी पीळ खाऊन वजन तोलतात आणि त्यांचे मागचे टोक तळाखालच्या एका आडव्या दांड्यात अडकवलेले असते. तो दांडा सडून फाटला की गाडी पुढून खाली बसते. तोच भाग दाजींनी दहा मिनिटे टोचून पाहायला लावला. तो शाबूत निघाला. "घेण्यासारखी आहे," दाजी इतक्या हळू बोलले की स्वयंपाकघरात ताईला ऐकू जाऊ नये.

आमच्या कामाचा भाग

पत्र्यातले आम्हाला कळत नाही. पण कागद कळतो. विकणाऱ्याने जाहिरातीत लिहिले होते, गाडी आर/टी आहे. आर/टी म्हणजे त्या काळी जास्त पैसे मोजून मिळणारा वेगवान प्रकार, आज त्याला भाव फार. किंमत तेरा हजार डॉलर. मागे आर/टीची पट्टी चिकटवलेली होती.

आम्ही भाच्याला विचारले, या गाड्यांची नोंद कुठे असते? तो म्हणाला, काचेतून दिसेल अशी डॅशबोर्डवर नंबराची पट्टी असते. आम्ही तिचा मोठा फोटो मागवला आणि त्या काळातली क्रायस्लरची नंबर-पद्धत रात्री बसून समजून घेतली. पहिले अक्षर गाडीचे, दुसरे प्रकाराचे, मग दोन आकडे बांधणीचे, मग इंजिन, मग साल, मग कारखाना. आर/टी असती तर सुरुवात जे-एस अशी हवी. फोटोत होते जे-एच-२३-जी-०-बी. एच म्हणजे साधा प्रकार. जी म्हणजे तेच ५.२ लिटरचे इंजिन, आणि ते आर/टीत बसवतच नसत. शून्य म्हणजे १९७०. बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. मागची पट्टी कोणीतरी बाजारातून आणून चिकटवली होती.

भाच्याने हे विकणाऱ्यासमोर मांडले. तो भांडला नाही. कदाचित त्यालाही कोणी तसेच विकले असेल. भाव साडेनऊ हजारांवर आला. त्या वेळच्या दराने रुपयांत सव्वासात लाखांच्या आत. इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांकही गाडीच्या क्रमांकाशी जुळला, म्हणजे इंजिन मूळचेच. मालकीचा कागद, ज्याला तिकडे टायटल म्हणतात, विकणाऱ्याच्या नावावर आहे आणि त्यावर कोणा बँकेचा बोजा नाही हे पाहिल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही, असे आम्ही बजावले. वाचकहो, जुनी रिक्षा घ्या नाहीतर जुना टेंपो, चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आर.सी. बुकाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याने शपथ घेतली तरी!

ताईने मात्र एक प्रश्न विचारला आणि आमची दोघांची बोलती बंद झाली. "ही नीट करून विकली तर किती येतील?"

आम्ही हिशेब केला. भाच्याने दुरुस्तीचा अंदाज चोवीस हजार डॉलर सांगितला होता. आम्ही सरकारी कामांची अंदाजपत्रके आयुष्यभर पाहिली आहेत, म्हणून न विचारता दुप्पट धरले. गाडीची किंमत मिळवली की साडेसत्तावन्न हजार. आणि साध्या इंजिनाची चॅलेंजर उत्तम करून विकली तरी त्याच्या आसपासच येणार, त्याची मेहनत फुकट. जाहिरातींत सांगतात ते भाव वेगळ्या गाड्यांचे. १९७० ची हेमी इंजिनाची चॅलेंजर साडेतीनशेच्या आसपासच बनली होती. 'बुलिट' या सिनेमातली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात कमिशनसह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली, ही गोष्ट भाच्याने आम्हाला मोठ्या हौसेने सांगितली. ती गाडी एका साध्या कुटुंबाने १९७४ साली सहा हजार डॉलरना घेतली होती. घरची बाई शिक्षिका, ती त्याच गाडीतून शाळेत जाई. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी घरातच उभी राहिली. पुढे यंत्र दुरुस्त केले, पण अंगावरचे पोचे नि गंज तसाच ठेवला. त्या गंजाला भाव आला तो सिनेमामुळे. आपल्या गाडीत कोणता नट बसला होता? भाचा हसला आणि गप्प झाला.

म्हणजे ही गुंतवणूक नव्हे, हा छंद, हे आम्ही सर्वांसमोर वहीत लिहिले. त्याखाली अटी लिहिल्या. कर्ज काढायचे नाही, क्रेडिट कार्डावर तर मुळीच नाही. दरमहा घरी येणारी रक्कम आणि धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी यांना हात लावायचा नाही. आणि हिशेब दर महिन्याला मामाकडे. भाच्याने फोनवरून होकार दिला. ताईने होकारही दिला नाही आणि नकारही.

दोन हिवाळे

पहिला हिवाळा नुसता खोलण्यात गेला. पन्नास वर्षांचे बोल्ट असे धरून बसलेले की पाना लावला की मुंडीच तुटे. दाजींनी घाई करू दिली नाही. तेल मार, दोन दिवस थांब, गरम कर, पुन्हा तेल मार. इंजिन पूर्ण जाम होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतून दहा दिवस ठेवले आणि लांब दांड्याने क्रँक थोडा पुढे, थोडा मागे असा हलवला. स्टार्टर मारून फिरवायला गेला असता तर रिंगा मोडून सिलिंडर चरले असते. तरीही बोअर करून तीस थाऊ मोठे पिस्टन टाकावे लागलेच.

लहान गंजके भाग, बिजागऱ्या, खिट्ट्या, पट्ट्या यांसाठी भाच्याने एक स्वस्त पद्धत वापरली. ती आपल्या कामगार बांधवांना उपयोगी पडेल म्हणून देतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी घ्यायचे, त्यात धुण्याचा सोडा घालायचा. बॅटरी चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला, धन वायर एखाद्या टाकाऊ लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना न चिकटता पाण्यात बुडवायचे. रात्रभरात गंज सैल होऊन ब्रशने निघतो आणि चांगले लोखंड झिजत नाही. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र त्यात वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम सुटते. हे काम उघड्या हवेतच करावे, कारण बुडबुडे निघतात ते हायड्रोजनचे. जवळ बिडी-काडी चालणार नाही. आणि पिंपात हात घालण्याआधी चार्जर बंद.

ब्रेकचे जुने लायनर खोलताना दाजींनी त्याला फुंकर मारू दिली नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. तोंडावर चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचे. हे दाजींना गॅरेजात कोणी सांगितले नव्हते. ते तोंडाने फुंकूनच साफ करीत.

तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिडव्या टाकून गाडीला आधार दिला, नाहीतर तळ काढला की सांगाडा मधोमध वाकतो आणि दारे पुन्हा कधी लागत नाहीत. या गाड्यांचे नवे पत्रे आजही छापून मिळतात, त्यांतले काही तैवानमध्ये बनतात. जुना पत्रा ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेला असतो. एक-एक ठिपका ड्रिलने सोडवायचा. भाच्याने अकराशेच्या पुढे मोजणे सोडून दिले. नवा पत्रा जोडताना एका रेषेत वेल्डिंग केले तर तापून पत्र्याला पोळीसारखे फुगे येतात. म्हणून इथे एक टाका, हातभर दूर दुसरा, गार होऊ द्यायचा. पहिला तुकडा भाच्याने घाईत जोडला. तो फुगला. कापून टाकला, दोनशे डॉलर गेले. ते आमच्या वहीत लाल शाईने आहेत.

आता कबूल करायची गोष्ट. २०२३ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत घरी पैसे आले नाहीत. दाजींनी आम्हाला सांगितले नाही, ताईने शिलाईच्या पैशातून फी भरली. मार्चच्या हिशेबात इंजिनच्या मशीनशॉपचे बिल पाहिले आणि आम्हाला तारीख खटकली. आम्ही फोन केला, आणि इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तसे त्याला बोललो. आमच्या घरांत एक मुलगा वर जातो तेव्हा त्याच्या पायाखाली किती जणांचे खांदे असतात हे त्याला सांगायची वेळ यावी याचे वाईट वाटले. त्याने सबब सांगितली नाही. पैसे पाठवले आणि पाच महिने गाडीवर ताडपत्री टाकली. त्या पाच महिन्यांत दाजी आमच्याशी जरा तुटकच होते, हेही लिहायला हवे.

सीटखालचा कागद

मागची सीट सोडवताना तिच्या स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा कागद निघाला. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून पुढे सरके तेव्हा कोणत्या गाडीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती सीट लावायची हे सांगणारा तो तक्ता. काम झाले की कामगार तो तसाच स्प्रिंगांत सोडून देत. त्यावरून कळले की गाडी मुळात गडद हिरवी होती. वरचे निळे आणि लाल थर नंतरचे.

तो कारखाना म्हणजे हॅमट्रॅमकचा डॉज मेन. आम्ही त्याची माहिती काढली तेव्हा वेगळेच दार उघडले. २ मे १९६८ रोजी तिथल्या हजारो कामगारांनी युनियनला न विचारता काम बंद पाडले. तक्रार होती ती पट्ट्याचा वेग वाढवल्याची. संपात गोरेही होते, पण शिक्षा झाली ती मुख्यतः कृष्णवर्णीय कामगारांना. त्यातून त्यांनी आपली वेगळी संघटना उभारली, तिचे संक्षिप्त नाव ड्रम. मुकादमाच्या आणि कुशल कारागिरांच्या जागा गोऱ्यांकडे आणि सर्वात धुराची, उष्णतेची, पाठ मोडणारी कामे काळ्यांकडे, ही त्यांची तक्रार होती. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे दार कोणाला बंद होते आणि १९२८ च्या संपात तो प्रश्न कोणी मांडला, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी जमीनदोस्त झाला. त्या जागी आणि शेजारची वस्ती उठवून जनरल मोटर्सचा कारखाना आला. आज तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात. हॅमट्रॅमक गावात आता बांगलादेशी आणि येमेनी लोक पुष्कळ आहेत. भाचा ताज्या भेंडीसाठी तिथेच जातो.

दाजी अमेरिकेत

व्हिसाला खूप दिवस लागले. शेवटी जून २०२४ मध्ये ताई आणि दाजी मिशिगनला पोचले. दाजींच्या बॅगेत दोन हातोड्या आणि पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा होता. ताईने लोणच्याची बरणी काढायला लावली पण हातोडी काढवेना, असे तीच सांगते.

पुढचे डावे मडगार्ड नवे मागवायचे भाच्याने ठरवले होते, साडेतीनशे डॉलरला. दाजींनी जुने हातात घेतले, उन्हात तिरके धरून पाहिले आणि म्हणाले, "हा पत्रा नव्यापेक्षा जाड आहे. फेकू नको." त्यावर ते अकरा दिवस बसले. ठोकळा मागे, हातोडी पुढे, मारायचे कमी आणि तळहाताने चाचपायचे जास्त. खालची सडकी वीतभर पट्टी कापून नवी जोडली. शेवटी त्यावर लांबीचा जो थर बसला तो पोस्टकार्डाएवढा. तिकडच्या दुकानदाराने पाहून विचारले की हे कोणत्या मशीनवर केले.

त्याच गल्लीत एक निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. पंचाहत्तरीच्या आसपासचे. ठोकण्याचा आवाज ऐकून आले. तरुणपणी ते डॉज मेनमध्येच बॉडीच्या खात्यात होते. छप्पर आणि मागचा पत्रा जिथे जुळतो त्या सांध्यावर त्यांनी बोट ठेवले. त्या काळी तो सांधा वितळलेल्या शिशाने भरून घासून काढत. दाजींनी ताबडतोब हाताने शिसे पसरण्याची खूण केली, कारण कुर्ल्यात जुन्या गाड्यांना त्यांनीही शिसे भरले होते. दोघे हसले. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. भाचा मध्ये उभा राहून सांगत होता. दाजींनी विचारले, तुम्ही ही गाडी घेतली होती का? गृहस्थ म्हणाले, तेव्हा हिची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती, घरात पोरे लहान होती, घेणे कुठले. मग त्यांनी विचारले, तुम्ही दुरुस्त केलेल्यांपैकी तुमची कोणती? दाजी म्हणाले, सायकल.

त्यांनाही बोलताना दम लागत होता. दाजींना तर २०१२ पासून दमा आहे. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते फवाऱ्यातून फुफ्फुसात गेले की दमा धरतो आणि एकदा धरला की पुढे थोड्याशा वासानेही उफाळतो. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क त्यासाठी लागतो. दाजींच्या मालकाने त्यांना काय दिले होते? काही नाही. ते तोंडाला रुमाल बांधत. काम सुटले तेव्हा एक महिन्याचा पगार हातावर टेकवला. ज्या भावांची मुले गॅरेजात फवारणीवर आहेत त्यांनी कापडी मास्कवर विसंबू नये, हे कळकळीने सांगतो.

म्हणून रंगाच्या बाबतीत दाजींनी एकच गोष्ट ठामपणे सांगितली. घरच्या गॅरेजात फवारा धरायचा नाही. भाचा म्हणाला, पप्पा, माझे चौदा हजार डॉलर वाचतील. दाजींनी खिशातला पंप काढून बाकावर ठेवला आणि पुन्हा मडगार्ड घासायला लागले.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी इंजिन सुरू झाले. आमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. पहिल्यांदा कार्बोरेटरमधून भडका आला, टायमिंग चुकले होते. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा असा आवाज आला की मोबाईल फाटतो की काय असे वाटून आमची मंडळी जागी झाली. स्क्रीनवर दाजी दिसेनात. नंतर कळले की ते गाडीच्या मागे जाऊन धुराच्या नळीवर हात धरून धुराचे ठोके सारखे पडतात का ते पाहत होते. दमेकऱ्याने करण्याचे काम नव्हे ते.

वहीतला आजचा आकडा असा. गाडी साडेनऊ हजार, वाहून आणणे चारशे, पत्रे सात हजार आठशे, वेल्डिंग मशीन व हत्यारे एकवीसशे, इंजिन पाच हजार सहाशे, ब्रेक-टाकी-नळ्या-चाके चार हजार तीनशे, वायरिंग, काचा आणि रबर पाच हजार दोनशे. एकूण ३४,९०० डॉलर. रंग आणि आतले काम बाकी. दुप्पट धरलेला आमचा अंदाज जवळपास बरोबर निघणार असे दिसते, आणि त्याचा आनंद आम्हाला होत नाही. त्याचे स्वतःचे तास एकोणीसशेच्या वर गेले आहेत. ते वहीच्या मागच्या पानावर लिहिले आहेत, रक्कम न टाकता.

गाडी अजून राखाडी प्रायमरमध्येच उभी आहे. रंगाचे पैसे साठले की दुकानात जाईल, गडद हिरवीच होईल. सीटच्या कव्हरसाठी तिकडच्या कारागिराने दोन हजार डॉलर सांगितले होते. ताईने उसवलेले जुने कव्हर उलटे-सुलटे करून पाहिले. "हे घरच्या मशीनवर बसायचं नाही, जाड सुईचं मशीन आण," म्हणाली. तसे मशीन भाड्याने आणले आणि परत यायच्या आधी आठ दिवसांत तिने मागची सीट शिवून दिली. गेल्या महिन्याच्या हिशेबात भाच्याने एक नोंद टाकली आहे. शिलाई मजुरी, आई, पन्नास डॉलर. आम्ही ताईला विचारले. ती म्हणाली, "लिहिलेत. दिले नाहीत अजून."